गहाण सोडवताना

द्वारका चौकाच्या वळणावर घोटीचा ट्रक उभा दिसला, आणि लताने ओळखलं की बैठक आपल्या आधीच बसली. ट्रक जयरामदाजींचा, तिच्या नणंदेच्या नवऱ्याचा. तांदूळ घेऊन ते नाशकात यायचे तेव्हा एकटेच असायचे. पण आज रविवार, बाजार बंद. म्हणजे कुसाताईही आल्या असणार.

महापालिकेच्या दवाखान्यातली लसीकरणाची ड्यूटी संपवून ती रिक्षा न करता मुद्दाम पायी निघाली होती. रस्ताभर तिने एकच वाक्य घोकलं होतं. ‘फंडातले पैसे मी प्लॉटसाठी ठेवलेत, त्यांना हात लावणार नाही.’ रडायचं नाही, आवाज चढवायचा नाही, फक्त एवढं बोलायचं आणि गप्प बसायचं. पाथर्डी फाट्याकडे नर्सांच्या सोसायटीत तिचा प्लॉट ठरला होता. तिथं काय होतं म्हणाल तर बाभळी आणि दगड. पण डोळे मिटले की तिला तिथं स्वतःचं स्वयंपाकघर दिसायचं, ओट्यासकट.

दारातल्या चपला पाहूनच तिला धडकी भरली. बाहेरच्या खोलीत बाबासाहेबांच्या आणि बुद्धांच्या तसबिरीखाली सासरे, सावळीराम, खाटेवर बसले होते. देवळालीच्या मिलिटरी डेपोत हमाली करता करता पुढे मुकादम झालेला माणूस. हे घर त्यांनी एकेक खोली करत बांधलं होतं. पुढच्या तीन खोल्या थोरल्या पुंजारामला, मागच्या दोन धाकट्या गोरक्षला, म्हणजे लताच्या नवऱ्याला. चार वर्षांपूर्वी हेच घर सहकारी बँकेत गहाण टाकून पुंजारामने अंबडच्या एमआयडीसीत भाड्याच्या शेडमध्ये कारखाना काढला होता. ‘समता इंजिनिअरिंग वर्क्स.’ एक लेथ, एक ड्रिल, तीन कामगार. एका मोठ्या कंपनीला पिना आणि बुश करून द्यायचे. मग त्या कंपनीत संप झाला. संप मिटला तोवर काम दुसरीकडे गेलेलं होतं. दिवाळीनंतर शेडला कुलूप लागलं, आणि आता बँकेची नोटीस आली होती. मार्चअखेर पैसे भरा, नाहीतर घराचा लिलाव.

“जय भीम, दाजी,” लता म्हणाली.

“जय भीम. या, तुमचीच वाट बघत होतो,” जयराम म्हणाले.

झालं, लताच्या मनात आलं. ती भिंतीला टेकून बसली आणि वाक्य पुन्हा एकदा मनात जुळवून घेतलं.

पण तिला कोणी काही विचारलंच नाही. जयरामांनी घसा खाकरला. “मी सरळ बोलणारा माणूस. बँकेचं काय असंल ते समदं मी भरतो. एका रकमेत भरलं तर दंडव्याज सोडतो असं मॅनेजर म्हणला, मी स्वतः विचारून आलोय. तुम्ही कोणी घराबाहेर जायचं नाही. जसे राहता तसे राहा. फक्त घर कुसाच्या नावावर करा.”

कुसाताई पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली ती थेट थोरल्या भावाकडे पाहत. आता पुंजारामभाऊजी उसळणार, असं लताला वाटलं. चहात साखर कमी पडली तरी घर डोक्यावर घेणारा माणूस.

“मला मान्य हाय,” पुंजाराम म्हणाला.

लताने चमकून गोरक्षकडे पाहिलं. काल संध्याकाळी जेवताना गोरक्षच म्हणाला होता, ‘दाजी पैसे देत असतील तर पाय धरू त्यांचे, घर कोणाच्या का नावावर होईना.’ एसटीच्या ऑफिसात कारकून होता तो, कुणाशी वाकडं घेणं त्याला जमत नसे. आणि तोच गोरक्ष आता लाल होऊन उठला.

“मान्य कसं? बाबा जिवंत आहेत अजून! मी काय उद्यापासून बहिणीचा भाडेकरू?”

“अरे, भाडं मागितलं का तुला कोणी?” कुसाताई म्हणाल्या.

“आज नाही मागितलं.”

“गोरख!” कुसाताईंचा आवाज फाटला. “तुला कडेवर घेऊन हिंडले रे मी. माझी शाळा सुटली ती तुझ्यापायी. आता मी घर गिळायला आले व्हय?”

लताला कोणाची बाजू घ्यावी कळेना. कुसाताई खोटं बोलत नव्हत्या, ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. पण गोरक्षची भीतीही खोटी नव्हती. आणि पुंजारामभाऊजी? ज्यांच्यामुळे हे सगळं झालं, ते मान खाली घालून बसण्याऐवजी मनातल्या मनात कसला तरी हिशेब जुळल्यासारखे का दिसत होते?

“दुसरा रस्ता आहे,” गोरक्ष घाईघाईने म्हणाला. “लेथ आणि ड्रिल विकू. राहिलेलं लता फंडातून काढेल.”

आलं. शेवटी आलंच, आणि तेही नवऱ्याच्या तोंडून. लताने तोंड उघडलं. पण तिच्या आधी आतल्या दारातून आवाज आला.

“लताच्या पैशाला कोणी हात लावायचा नाय.”

चंद्रभागा, तिची थोरली जाऊ, दारात उभी होती. हाताला पीठ लागलेलं. या घरात आल्यापासून लताचं आणि तिचं कधी सरळ जमलं नव्हतं. लता नोकरीला जाते, पगार आणते, म्हणून चंद्रभागा तिला ‘सायेब’ म्हणायची, आणि त्यात कौतुक नसायचं. नळाच्या पाण्यावरून, सांडपाण्यावरून, पोरांच्या भांडणावरून दोघींचे महिने महिने अबोले झाले होते. आणि तीच आज मधे पडत होती.

“तू आत जा,” पुंजाराम म्हणाला.

“जाते. लता, तू बी ये. भाकरी भाजायच्या हायेत.”

स्वयंपाकघरात चंद्रभागेने दार लोटलं आणि परातीशी बसली. लता उभीच राहिली.

“अक्का, तुम्ही माझी बाजू घेतलीत…”

“तुझी कशाला घेऊ?” चंद्रभागा भाकरी थापत म्हणाली. “माझीच घेतली. तू पैसं दिलंस तर घर सुटंल. घर सुटलं की हे पुन्हा गहाण टाकतील.”

“पुन्हा?”

“ह्यांनी तुझ्या दाजींना ट्रकच्या स्प्रिंगपाट्यांच्या पिना करून द्यायचं कबूल केलंय. आठ दिसांमागं दोघं अंबडला जाऊन आले, दुसरी शेड बघितली. घर कुसाताईच्या नावावर झालं की तिच्याच सहीनं दुसऱ्या बँकेत जायचं. समजलं का, लगेच मान्य का केलं ते?”

लताला जरा वेळ लागला. “मग दाजी आपल्याला लुबाडायला आलेत?”

“नाय गं. त्यांस्नी खरंच वाटतं धंदा चालंल. ह्यांच्या बोलण्याला कोण भुलत नाय? मी भुलले व्हते ना. बाबा भुलले. समदे भुलले.” तव्यावरची भाकरी तिने उलटली. “चार वरसं मी कारखानदाराची बायको व्हते, लता. दर शनिवारी कामगारांचा पगार काढायला माझ्या अंगावरचं काही ना काही जायाचं. पयले पाटल्या गेल्या, मग डोरलं. मी कोणाला बोलले नाय. आता मला हे घर बी नको. जाऊ दे लिलावात. भाड्याच्या खोलीत राहीन, पण कोणाच्या तरी कंपनीत जाऊन हे महिन्याचा पगार आणतील. मला ते पाहिजे.”

“आणि आम्ही कुठं जायचं? बाबा कुठं जातील?”

चंद्रभागेचा हात थांबला. हा विचार तिने केलाच नव्हता असं नाही, पण तो कोणी बोलून दाखवावा असं तिला वाटत नसावं. “तुझा पलाट हाय ना,” ती हळूच म्हणाली. “बाबांना तू ने.”

लताला हसूच आलं असतं. जी बाई तिला सात जन्मांची वैरीण वाटत होती, ती आपलं घर जाऊ द्यायला निघाली होती आणि जाता जाता सासरा तिच्या ओंजळीत टाकत होती. आणि तिला घर वाचवणाऱ्यांचा राग येत होता, घर घालवणारीचा येत नव्हता. हे सगळं उलटं का होत होतं?

बाहेर आवाज चढला. दोघी दारापाशी आल्या.

“बापाचं घर हाय, माझा बी हक्क हाय!” कुसाताई म्हणत होत्या. “भाऊ बुडवायला निघाले, तर लेकीनं वाचवलं तर काय चुकलं?”

“ताई, तुमच्या वाचवण्यानंच बुडंल ते,” चंद्रभागा म्हणाली. आता तिला कोणी आत जा म्हटलं नाही. “पाट्यांच्या पिनांचं सांगा की समद्यांना. दुसऱ्या शेडचं सांगा.”

गोरक्षने भावाकडे पाहिलं. “कसली शेड?”

पुंजाराम उठला. “होय, बघितली शेड. त्यात काय पाप केलं? काम मिळत होतं. काम मला येतं. माझ्या हातातला तुकडा अजून कोणी परत पाठवला नाही. संप काय मी केला? कंपनी काय मी बंद पाडली?”

“लेथ विका,” चंद्रभागा म्हणाली. “बस, मला दुसरं काय बी नको. लेथ विका.”

“लेथ विकली तर मी कोण राहतो?” तो एवढ्या मोठ्याने ओरडला की शेजारची बाई खिडकीत आली. “आयटीआय करून मी पंधरा वर्षं दुसऱ्याच्या मशिनीवर उभा राहिलो. सुपरवायझर म्हणायचा, ए पगारे, इकडे ये. त्या शेडच्या पाटीवर मालक म्हणून माझं नाव होतं. लोक म्हणायचे, पगारे शेठ. आपल्या वस्तीतला कोण झाला होता शेठ? सांग ना, कोण झाला होता?”

लताला एकदम भाऊजींची दया आली, आणि लगेच चंद्रभागेच्या रिकाम्या गळ्याकडे लक्ष जाऊन रागही आला. दोन्ही एकाच वेळी.

मग सावळीराम बोलले. इतका वेळ ते इतके गप्प होते की लोक त्यांच्या डोक्यावरून बोलत होते.

“सही मी केली व्हती,” ते म्हणाले. “पुंजानं फसवलं नाय मला. बँकेच्या सायबानं वाचून दाखवलं, मला समदं कळलं व्हतं. मला बी वाटलं, पोराच्या नावाची पाटी लागावी. तवा एकट्याला बोल लावू नका.”

पुंजाराम बापाकडे पाहत राहिला. मग तो पुन्हा खाली बसला.

“पण आता मला सांग,” म्हातारा म्हणाला, “तुझी लेथ आज काय करती?”

“काय करणार? कुलपात आहे.”

“किती दिस झाले?”

“दिवाळीपासून.”

“तेल घातलं का तिला?”

“शेडच्या मालकानं भाड्यापायी चावी दिली नाही. मी रोज जाळीतून बघून येतो.”

तो रोज सकाळी डबा घेऊन कुठं जात होता, ते आता घरात सगळ्यांना कळलं. चंद्रभागेने तोंडावर पदर घेतला. तिलाही हे माहीत नव्हतं.

आणि लताने स्वतःचा आवाज ऐकला.

“मी फंडातून काढते. पण लेथ आधी विकायची. ती विकल्यावर जे कमी पडेल त्यातलं मी देईन.”

असं बोलायचं तिने ठरवलं नव्हतं. रस्ताभर घोकलेलं वाक्य नेमकं उलटं होऊन बाहेर आलं होतं, आणि आता ते परत घेता येत नव्हतं. गोरक्षच्या चेहऱ्यावर हुश्श झालेलं पाहून तिला त्याची चीड आली. चंद्रभागा तर तिच्याकडे अशी पाहत होती, जणू तिने केसाने गळा कापला.

“तुला सांगितलं व्हतं मी,” चंद्रभागा पुटपुटली.

“हो अक्का. पण बाबांना मी एकटीने कशाला न्यायचं?”

सावळीराम कितीतरी वेळ दोन्ही सुनांकडे पाहत होते. “मग असं करू,” ते म्हणाले. “घर सुटलं की मी बक्षीसपत्र करतो. चंद्रा आणि लता, दोघींच्या नावानं. एकीच्या सहीनं काय बी व्हणार नाय. पोरांना गहाण टाकायचं असलं तर आधी या दोघींना एका जागी बसवून राजी करावं लागंल. आणि ते काय सोपं काम नाय.”

जयराम मोठ्याने हसले. मग हसायला नको होतं हे लक्षात येऊन थांबले. कारण कुसाताई उठल्या होत्या.

“म्हंजे सुनांना घर,” त्या म्हणाल्या. “आणि लेक?”

“कुसे…”

“नाय, बाबा. पैसं आणले ते लेकीनं. धावत आली ती लेक. आणि कागदावर नाव कोणाचं, तर परक्यांच्या घरनं आलेल्यांचं.” त्यांनी पिशवी उचलली. “चला हो. ट्रक काढा.”

जयरामही उठले. “मामा, मला बी कागदाशिवाय एवढी रक्कम देता यायची नाही. मला बी पोरं आहेत.”

त्यात चूक असं काही नव्हतं. लताला वाटलं, झालं, मोडली बैठक. आपले पैसेही आता पुरायचे नाहीत, आणि बोलून मात्र बसलो.

कुसाताई उंबऱ्यापर्यंत गेल्या. तिथे थांबल्या. पाठ फिरवलेलीच होती. मग नवऱ्याला म्हणाल्या, “कमी पडंल तेवढं द्या त्यांना.”

“आणि कागद?”

“नको कागद. मला काय बी नको यांचं. फेडतील तवा फेडतील.”

हे त्यांनी प्रेमाने म्हटलं की रागाने, लताला कळलं नाही. जयरामांनाही कळलं नसावं. ते बायकोकडे पाहत राहिले आणि मग सासऱ्याला म्हणाले, “तिचं म्हणणं तुम्ही ऐकलंच.” सावळीराम खाटेवरून उठून दाराकडे निघाले, पण तोवर कुसाताई गल्लीच्या टोकाला पोचल्या होत्या. न जेवताच गेल्या त्या.

लेथला गिऱ्हाईक अंबडमध्येच मिळालं. बारकू शिंदे नावाचा एक तरुण, नुकताच स्वतःचा कारखाना काढलेला. त्याने पुंजारामच्या शेडचं थकलेलं भाडं भरलं, कुलूप काढून घेतलं, मशीन चालवून पाहिलं आणि भाव केला. गोरक्ष सोबत गेला होता, त्याने घरी येऊन सांगितलं ते ऐकून कोणाला धड काही समजेना. भाव ठरल्यावर पुंजाराम म्हणे त्या पोराला म्हणाला होता, “ही लेथ दुसऱ्या कोणाच्या हाताला बसायची नाही. तिच्यासोबत मलाही घ्या.” बारकू आधी हसला. मग त्याने एक तुकडा कापून दाखवायला सांगितलं. पुंजारामने तो कापला. पगार ठरला.

मार्च संपायच्या आत बँकेत पैसे भरले. लेथ आणि ड्रिलचे निम्म्याहून थोडे जास्त, बाकी लताचे आणि घोटीचे. पावती सावळीरामांनी हातात धरली, उलटीसुलटी पाहिली आणि गोरक्षला परत दिली. बक्षीसपत्राच्या दिवशी रजिस्ट्रार कचेरीत दोन्ही जावा एकाच बाकावर बसल्या. एकमेकींशी बोलल्या नाहीत. प्लॉटचा हप्ता चुकला आणि सोसायटीने लताचं नाव मागच्या यादीत ढकललं, तेही तिने कोणाला सांगितलं नाही.

पुंजारामच्या नोकरीचा पहिला दिवस सोमवारी आला. संध्याकाळी लता दवाखान्यातून परतली तेव्हा तिला भीती वाटत होती, की आता घरात मयताची शांतता असणार. आपल्याच मशिनीवर नोकर म्हणून उभा राहिलेला माणूस घरी काय तोंडाने येईल? पण अंगणातूनच तिला हसणं ऐकू आलं.

पुंजाराम मोरीपाशी हात धूत होता. काळ्या तेलाचे ओघळ कोपरापर्यंत. आणि तो सावळीरामांना सांगत होता, “अहो बाबा, त्या पोराला टूल लावायचाच पत्ता नाही! मी म्हटलं, शेठ, तुम्ही नुसतं ऑर्डरीचं बघा, इकडे येऊच नका. तर मला म्हणतो, बरं पगारेकाका. काका!” तो पुन्हा हसला. कित्येक महिन्यांचं खांद्यांवरचं ओझं कोणीतरी उतरवून घेतल्यासारखा तो सरळ उभा होता. “सहा वाजले की भोंगा. सुटी. बिलाची चिंता त्याला, पगाराची चिंता त्याला. मला काय?”

सावळीरामही हसत होते. गोरक्ष हसत होता. लतालाही हसू आलं, आणि ती चंद्रभागेला सांगायला आत गेली, की बघा, तुमचंच खरं झालं.

चंद्रभागा चुलीमागे भिंतीकडे तोंड करून बसली होती. खांदे हलत होते. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून तिने पदराचा बोळा तोंडात धरला होता.

“अक्का? काय झालं?”

ती काही बोलली नाही. नुसती मान हलवली. पाहिजे होतं ते सगळं तिला मिळालं होतं. लेथ गेली, नवरा पगारावर लागला, वर घरही राहिलं. आणि ज्या कारखान्यासाठी तिने चार वर्षं अंगावरचं सोनं एकेक करून दिलं, तो गेल्याचं त्या माणसाला काहीच वाटत नव्हतं, की वाटत होतं म्हणून तो एवढा हसत होता?

लताला कळेना. बाहेर हसणं चाललं होतं, आत रडणं. ती दोन्हींच्या मधल्या दारात उभी होती आणि कुठल्याही बाजूला गेली तरी चुकलंच असतं. तिने खांद्यावरची पर्स खुंटीला अडकवली, दार पायाने लोटून घेतलं, आणि जावेच्या शेजारी जमिनीवर बसून समोरची लसणाची गड्डी फोडायला घेतली.